आसरांची मावशी

"गेट उघड! माझ्या घरात जायला तुझा पास लागतो व्हय रं?"

कंपनीच्या गेटवर मावशी ओरडत होती. केस मोकळे, कपाळभर मळवट, मागे हलगी आणि दहीभाताची ताटं घेतलेल्या चाळीस बाया. (गावी सांगताना मी चारशे सांगतो.) त्या आवाजाने चाकण चौकातली तुंबलेली वाहतूक सुटली, राव. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा. त्यानंतर ती पुन्हा कधी सुटलेली नाही.

एरवी ती आमच्या कॅन्टीनमध्ये भाकऱ्या थापायची. तुमच्याही कंपनीत अशी एक असेल, मान वर न करणारी. कंपनीच्या आवारात जुनी विहीर आहे, काठावर शेंदूर फासलेले सात दगड. त्या साती आसरा, पाण्यातल्या देवी. गावाची जमीन गेली, दगड राहिले. चैत्रात एकदा हलगी कडाडली की आसरा मावशीच्या अंगात यायच्या, आणि मग कुणाची गय नसे. सरपंचाला म्हणाली, "तुझ्या बंगल्याखाली माझा वढा गाडलाय." मला म्हणाली, "सुपरवायझर झालास, आईला फोन कवा करणार?" मी फोन केलाच नाही, थेट गाडी पकडून गावी गेलो.

अंगातून उतरलं की तांब्याभर पाणी पिऊन विचारायची, "काय बोलले का मी? मला काय बी ठावं न्हाई. आसरांना इचारा." आता आसरांना विचारायला विहिरीत कोण उतरणार?

यंदा नवे साहेब आले. ट्रकच्या पार्किंगसाठी विहीर बुजवायची ठरली आणि नेमकं आसरांच्या यात्रेच्या दिवशी गेटला कुलूप. मुरुमाचा डंपर विहिरीकडे पाठ करून उभा.

वॉचमनने साहेबांकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं आणि कुलूप काढलं. मावशी सरळ डंपरमागे, विहिरीच्या काठावर जाऊन बसली.

"वत," ती ड्रायव्हरला म्हणाली. "आदी माझ्यावर वत."

ड्रायव्हर चपला काढून खाली उतरला. साहेब धावत आले. "पोरा," मावशी त्यांना म्हणाली, "हितलंच पाणी पितोस आन् हिच्याच तोंडात माती घालतोस?"

डंपर गेला. दुसरा आणायला कुणी धजेना. विहीर अजून आहे. ट्रक तिला वळसा घालून लागतात. भाकऱ्या मात्र आता मशीन करतं. त्या भाकरीने खिळा ठोकता येतो, मी ठोकलाय.

त्याचं असं झालं, दुसऱ्या दिवशी साहेबांनी मावशीला ऑफिसात बोलावलं. साक्षीला मी. साहेब तसे वाईट नव्हते. कागद त्यांनी आधीच टाइप करून ठेवला होता: अंगात आलं होतं, शुद्ध नव्हती, माफी असावी.

"अंगठा द्या, मावशी. नोकरी राहील."

मी डोळ्यांनी खुणावलं, दे की गं. दरवर्षीचंच तर तिचं वाक्य होतं.

मावशीने कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. पदराला हात पुसले.

"न्हाई सायेब," ती म्हणाली. "काल आसरा आल्याच नव्हत्या. मीच व्हते."