बू सईदांच्या दोन रायफली

त्या बैठकीत पाऊल टाकलं की प्रथम सामोरा यायचा ऊदाचा दाट, गोडसर धूर, आणि जरा वेळानं, त्या धुराखाली दबलेला बंदुकीच्या तेलाचा वास. बाहेर अमिरातींमधल्या अल ऐनचं ऊन खजुरांच्या झावळ्यांवर पांढरंशुभ्र पसरलेलं असायचं. आत मात्र गार, मंद काळोख, भिंतीलगत मांडलेल्या लाल गाद्या, आणि भिंतीवर एकीखाली एक टांगलेल्या दोन रायफली. नव्वदच्या दशकातली ती वर्षं. नवऱ्याच्या नोकरीपाठोपाठ मी पुण्याहून तिकडे गेले होते आणि तिथल्या एका इस्पितळात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करत होते. आठवड्यातून तीनदा या घरी यायचं, ते बू सईदांचा उजवा हात जागा करायला.

बू सईद म्हणजे सईदचे वडील. थोरल्या मुलाच्या नावानंच बापाला हाक मारायची तिकडची रीत. सत्तरी ओलांडलेला हा उंच, करारी माणूस अर्धांगाच्या झटक्यानं गादीला खिळला होता. पाय हळूहळू सावरला, पण उजवा हात मांडीवर असा पडून असायचा, जणू कुणी परक्यानं सांभाळायला दिलेली वस्तू! तरुणपणी मुंबईच्या पुष्कळ फेऱ्या झाल्यामुळे त्यांची हिंदी मोडकी पण धीट होती. मी दिलेला रबरी चेंडू ते एकदा दाबत आणि नातवंडांकडे सरकवून देत. त्यांची पत्नी, उम्म सईद, दारापाशी बसून हे सगळं निमूटपणे पाहत असे.

एके दिवशी माझ्या ध्यानात आलं की व्यायाम चालू असताना त्यांची नजर सारखी वरच्या रायफलीकडे जाते. मी सहज विचारलं, आणि इतके दिवस दोन शब्दांत उत्तरं देणारा हा माणूस बोलू लागला. त्यांच्या वडिलांनी ती मस्कतच्या बाजारातून आणली होती. अमेरिकेत घडलेली, वयानं बू सईदांहूनही थोरली. चापाभोवती एक लांबट लोखंडी कडी. तिच्यात तीन बोटं घालून ती पुढे लोटली की रिकामं काडतूस बाहेर उडायचं, मागे ओढली की नवं काडतूस नळीत चढायचं. लहानपणी उंटांच्या कळपाभोवती लांडगे आले की वडिलांच्या मागे दडून त्यांनी हा खटका ऐकला होता, आणि पुढे वडिलांच्या जागी स्वतः उभं राहून तो वाजवलाही होता.

खालची रायफल मात्र नवीकोरी होती. तिची हकीकत सईदनं मला गाडीपर्यंत सोडायला येताना सांगितली. वडील इस्पितळात असताना त्यानं इटलीतल्या एका कारखान्यातून हुबेहूब तशीच रायफल मागवली होती. घरी आल्यावर वडिलांनी ती पाहिली, ‘अच्छा है’ म्हणाले आणि पुन्हा तिला स्पर्श केला नाही. मोठ्या हुद्द्यावरचा तो माणूस हे सांगताना खालच्या वाळूकडे पाहत होता.

शस्त्राला आयुष्यात कधी हात न लावलेली मी, त्या दोघींना न्याहाळण्याचा मला छंदच लागला. नवीचा अक्रोडी दस्ता तांबूस, आरशासारखा चकचकीत. जुनीचा घामानं, तेलानं आणि धुळीनं काळवंडलेला, पकडीपाशी तडकलेला आणि उंटाच्या चामड्यानं आवळून बांधलेला. नवीच्या नळीवर निळसर काळी झळाळी. जुनीच्या नळीवर जुन्या नाण्याचा करडेपणा. नवीचं पोलाद अधिक बळकट, तिचे सांधे अधिक नेटके, आणि चुकून गोळी सुटू नये म्हणून एक जादा कळही तिला होती, जी जुनीला कधीच नव्हती. त्या कळीकडे बोट दाखवून बू सईद म्हणाले होते, “इटलीवाला डरता है.” खरं सांगायचं तर प्रत्येक बाबतीत नवीच सरस होती. मग डोळा पुन्हा पुन्हा जुनीकडेच का वळत होता? मापं घेता येतात, लाकूड निवडता येतं, पण दोन पिढ्यांचे तळहात घासून जे मार्दव येतं, ते कोणत्या कारखान्यातून मागवायचं?

ती कडी पाहताना मला एक गोष्ट सुचली. बोटं उघडणं आणि मिटणं, जे त्या हाताला जमत नव्हतं, तेच तर ती कडी मागत होती. मी सईदला सांगितलं. त्यानं जुनी रायफल उतरवली, रिकामी असल्याची दोनदा खात्री केली आणि वडिलांपुढे उशीवर ठेवली. बू सईदांनी डाव्या हातानं उजव्याची बोटं कडीत घातली, डोळे मिटले, आणि ती परकी बोटं थरथरत पुढे सरकली! त्यानंतर मला चेंडू बाहेर काढावा लागला नाही.

पण काही आठवड्यांनी प्रगती थांबली. जुनी कडी झिजून इतकी सैल झाली होती की हाताला कष्टच पडेनात. त्याला आता प्रतिकार हवा होता. मी नव्या रायफलीचा विषय काढला, तेव्हा बू सईदांनी मान फिरवली.

“उसमें मेरा बाप नहीं है,” ते म्हणाले.

उत्तर आलं ते दारापाशी बसलेल्या उम्म सईदकडून, हळू आवाजातल्या अरबीत. माझ्या तुटपुंज्या अरबीला कळलं ते एवढंच, की तुम्ही बेशुद्ध होतात तेव्हा सईद इस्पितळाच्या ओसरीत कारखान्यांची पत्रकं चाळत ही रायफल शोधत बसला होता. तो रडत होता, आणि तुम्ही उठून ती पाहाल असं म्हणत होता. पुढच्या खेपेला मी गेले, तेव्हा उशीवर नवी रायफल होती.

ती हटवादी होती. कडी जागची हलेना. बोटांची सालटी निघाली, मी कापूस बांधला, थांबा म्हटलं. ते थांबले नाहीत. आणि मग एका शुक्रवारी, नमाजहून परतलेला सईद समोर बसला असताना, कडी पूर्ण पुढे गेली, मागे आली आणि एक कोरा, करकरीत खटका त्या बैठकीत वाजला. उशी सरळच होती, तरी सईद वाकून ती नीट करत राहिला.

“ये भी पुरानी होगी,” त्याच्या डोक्यावर हात ठेवून बू सईद म्हणाले. हात उजवा होता. “थोड़ा टाइम दो.”

मला वाटतं, अस्सल आणि नक्कल यांच्यातला माझा सारा हिशेब त्या वाक्यानं चुकीचा ठरवला. मस्कतच्या बाजारात जुनीही कधी कोरीच होती ना? कुणीतरी आधी तिला आपलं म्हटलं, अस्सलपणा नंतर आला.

नवं शतक लागल्यावर आम्ही दुबईला बदलून गेलो. निघण्यापूर्वी निरोप घ्यायला गेले, तेव्हा सईदच्या हातातली कॉफीची सुरई बू सईदांनी स्वतः मागून घेतली. डाव्या हातात सुरई, उजव्या हातात तो बिनकानाचा इवलासा पेला. पेला थरथरला, वेलदोड्याच्या वासाचे दोन थेंब गालिच्यावर सांडले, पण तो माझ्यापर्यंत पोचला. पुरे म्हणायचं असेल तर तिकडे पेला किंचित हलवून परत देतात. मी तो स्थिर धरला आणि पुन्हा पुढे केला.