आक्काचा काढा

दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या आदल्या वर्षी, दिवाळीच्या पाडव्याला सकाळी, मी अफूची पितळी डबी थोरल्या बहिणीच्या हातात दिली आणि ती वेदगंगेत टाकून यायला सांगितले. दुपारी ती धुळीने भरलेल्या पायांनी परतली. "टाकलीस?" मी विचारले. "व्हय," ती म्हणाली. त्या सकाळपासून मी अफूला शिवलो नाही, असे पुढची तीन वर्षे मी सांगत आलो. तसे छापूनही आले.

त्याआधी मी बेळगावात एका छापखान्यात खिळे जुळवीत होतो. पोटाच्या दुखण्यावर म्हणून पहिली गोळी तिथल्या फोरमनने दिली. दुखणे गेले, गोळी राहिली. लोकांचे लिहिलेले जुळवता जुळवता, आपण लिहिलेले एक दिवस दुसऱ्या कोणी जुळवावे असे मला वाटू लागले होते. फोरमनला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "आधी ओळ तर सरळ लाव." चार वर्षांत ओळ सरळ लागण्याऐवजी वाकडी होत गेली. एका लग्नपत्रिकेत मुहूर्ताची ओळच गळली. पत्रिका वाटून झाल्यावर ते उघडकीला आले आणि मला काढून टाकण्यात आले. मी निपाणीला बहिणीकडे गेलो.

तिला सगळे आक्का म्हणत. ती माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी, विधवा, आणि तंबाखूच्या एका वखारीत पाने निवडण्याच्या कामाला होती. मी दोनदा अफू सोडण्याची शपथ घेतली आणि दोन्ही वेळा चिकोडीच्या दुकानापर्यंत चालत गेलो. पाडव्याला डबी दिली ती तिसरी वेळ.

पहिले तीन दिवस मी मागच्या खोलीत होतो. नाक आणि डोळे वाहत होते, पोटऱ्यांत गोळे येत होते, पोट थांबत नव्हते. चौथ्या सकाळी अंग हलके झाले. आक्का दिवसातून तीनदा काडेचिराइताचा काढा देत होती. तो इतका कडू होता की पहिल्या घोटाला मी भांडे लोटून दिले होते. "पी," ती म्हणाली, "ह्येच तुला उठवंल." त्याने मला उठवले. पंधरा दिवसांत मी वाचनालयात जाऊ लागलो. महिन्याभरात लिहू लागलो.

संक्रांतीच्या आठवड्यात बेळगावच्या एका साप्ताहिकात माझा लेख आला. अफू एका दिवसात सुटते, तीन दिवस सोसावे लागते, पुढे मन घट्ट असले की पुरे, असा त्याचा आशय होता. शेवटी काढ्याची कृती होती. ती मी आक्काला विचारून लिहून घेतली होती. तीन ओळी: काडेचिराईत, सुंठ, गूळ. लेख मी आक्काला वाचून दाखवला. तिने तो दोनदा वाचायला लावला.

त्या लेखावर संपादकांनी मला निपाणीचा बातमीदार नेमले. मी लिहिलेले कोणीतरी जुळवू लागले. सकाळी उठून काय करायचे हे चार वर्षांनी प्रथमच मला ठाऊक असे. आपल्याला जमले ते दुसऱ्यालाही जमेल, हा विचार तेव्हा सुरू झाला. वाचनालयाच्या मागची खोली मागून घेतली, चूल मांडली आणि अफू सोडू इच्छिणाऱ्यांना सकाळ-संध्याकाळ काढा द्यायला सुरुवात केली.

अकरा जण आले. हमाल, एक शिंपी, दोन शेतकरी, आणि माझा शाळेतला सोबती. हा आक्काच्याच वखारीत तोलार होता, म्हणजे काट्यावर तंबाखूचे वजन करणारा. चिकोडीकडच्या शेतकरी जैन घरातला. बोलणे मराठी, पण एखादी गोष्ट सोडून द्यायची झाली की तो कन्नडात "होगली बिडू" म्हणे. शेतकऱ्याचा आणि व्यापाऱ्याचा दोघांचाही त्याच्या वजनावर विश्वास होता. पाठीच्या दुखण्यावर त्याने अफू सुरू केली होती.

पहिल्या दिवशी काढा तोंडात घेऊन शिंपी म्हणाला, "ह्यो रोज पिण्यापरास अफू सोडल्याली बरी."

"त्याचसाठी आलाईस न्हवं, गड्या?" तोलार म्हणाला. सगळे हसले.

पाचव्या दिवशी कोणी हसत नव्हते. दोघे यायचे थांबले होते. महिन्याअखेर माझ्याकडे तिघे उरले. गेलेल्यांविषयी मी साप्ताहिकात काही लिहिले नाही, उरलेल्यांविषयी लिहिले. आक्का विचारी, "मानसं बरी होत्यात का रं?" मी सांगे, होतात.

तोलार वर्षभर येत-जात राहिला. चार दिवस काढा पिई, पाचव्या दिवशी गायब होई, पुन्हा येई. एकदा त्याने रिकामे भांडे हातात धरून सांगितले, "ह्यात कायतरी कमी हाय बघ."

"कमी तुझ्यात आहे," मी म्हणालो.

"असंल. पर तू प्यालेला काढा आन ह्यो काढा एक न्हवं. मी तोलार हाय. मला वजन कळतंय."

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्याच्या पटक्याच्या घडीत अफूची पुडी सापडली. त्या आठवड्यात तो रोज काढ्याला येत होता. मी ती पुडी सगळ्यांसमोर धरली. "काढा पितोस आणि मागून ही खातोस," मी म्हणालो. "तुझ्यासारख्या खोटारड्यांमुळे हे काम बदनाम होतं."

"खोटारडा?" तो म्हणाला. "पोट फाटाय लागलंय मर्दा माझं. काट्याम्होरं उभं ऱ्हायला येत न्हाई."

"माझंही फाटत होतं. मी तीन दिवस सोसलं."

पुढच्या अंकात मी लिहिले की निपाणीच्या एका वखारीतला तोलार व्यसनमुक्त झाल्याचे सोंग करीत होता. नाव दिले नाही. त्या वखारीत तोलार एकच होता. आठ दिवसांत मालकाने त्याला काट्यावरून उठवले. सोंग करणारा माणूस वजनाला नको, असे कारण सांगितले. तो बायकोला घेऊन कणकुंबीला, जंगलात लाकडाच्या गाड्या भरणाऱ्या मेव्हण्याकडे निघून गेला.

त्यानंतर सव्वा वर्षाने, नवरात्राच्या आधीच्या घरझाडणीत, मी माळ्यावरून शिकेकाईचे मडके खाली घेतले. आत पितळी डबी होती. झाकणाच्या कडेला पोचा होता. बेळगावात खिळ्यांच्या पेटीवर आपटून तो मीच पाडला होता. डबी उघडली. तळाशी वाटाण्याएवढी अफू होती.

आक्का अंगणात वाकळा वाळत घालत होती. मी डबी तिच्यापुढे धरली. तिने वाकळ दोरीवर नीट पसरली, मग बघितले.

"नदीपतूर गेलते," ती म्हणाली. "टाकली न्हाई."

"का?"

"दोनदा पळालतास. तिसऱ्यांदा पळाला असतास तर परत आला नसतास."

मी वही काढली. बातमीदाराला तेवढेच सुचले. कधीपासून, किती, दिवसातून किती वेळा, हे प्रश्न मी क्रमाने विचारले आणि तिने क्रमाने उत्तरे दिली.

पहिले दोन दिवस तिने काही दिले नव्हते. तिसऱ्या दिवशी मी भिंतीवर डोके आपटू लागलो, तेव्हा काढ्यात अफू उगाळून दिली. काढा कडू म्हणूनच तो निवडला होता. पहिल्यांदा तुरीच्या दाण्याएवढी. दाणा शेजारी ठेवून ती गोळीचा आकार ताडून बघे. दिवसातून तीनदा. नंतर जोंधळ्याच्या दाण्याएवढी, नंतर राळ्याएवढी, शेवटी खसखशीएवढी. होळीच्या आदल्या दिवशी ती बंद केली. त्यापुढे काढा नुसता होता.

मी जुना अंक काढून तारीख पाहिली. अफू एका दिवसात सोडल्याचा लेख छापून आला त्या दिवशी, आक्काच्या हिशोबाप्रमाणे, मी जोंधळ्याच्या दाण्याएवढी अफू दिवसातून तीनदा खात होतो.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"शिकवायचं काय त्यात? आई अंथरुणाला खिळली तवा तुला अंगावरच्या दुधावरनं मीच तोडला. रोज एक टाइम कमी. एकदम तोडला असता तर ऱ्हायला असतास व्हय?"

"मग कृती विचारली तेव्हा का नाही सांगितलंस?"

"सांगून? पेपरात लिवाय घेतलंवतंस. तोंडावर तेज आलतं तुझ्या. म्हंटलं, ह्यो आपल्या बळावर उठून बसलाय असं ह्याला वाटतंय, तर वाटू दे."

"आणि तोलार?"

तिने वाकळेची कड ओढून सरळ केली.

"त्याला काट्यावरून उठवला तेव्हा तू कुठं होतीस?"

"तिथंच. पानं निवडत हुते."

"तो मला म्हणाला होता, काढ्यात काहीतरी कमी आहे."

"मला बी म्हनाला." तिने दुसरी वाकळ उचलली. "त्याला खरं सांगितलं असतं तर त्यो उभा ऱ्हायला असता आन तू पडला असतास. तू माझा भाऊ हाईस. त्यो न्हवं."

त्या दिवशी मी आक्काच्या घरी जेवलो नाही. वाचनालयामागच्या खोलीतली चूल मोडली. त्या वेळी तिथे कोणीच येत नव्हते.

दुरुस्तीचा मजकूर लिहून मी बेळगावला गेलो. त्यात चार गोष्टी होत्या: अफू मी एका दिवसात सोडली नाही, काढ्याची छापलेली कृती अपुरी होती, तोलाराने सोंग केले नव्हते, त्याच्याविषयीचा मजकूर मी परत घेतो. संपादकांनी कागद वाचला आणि परत दिला.

"दुरुस्ती नावाची छापतात, तारखेची छापतात," ते म्हणाले. "ही कसली दुरुस्ती? आणि अफू खायला घालायची कृती आम्ही छापायची?"

"पण आधीची चूक आहे."

"तिच्यावर किती पत्रं आली ठाऊक आहे तुम्हाला? लोकांना धीर आला. तो तुम्ही काढून घेणार?"

"तोलाराचं तरी छापा."

"त्याचं नाव आपण कुठं दिलं होतं? नाव नाही, तर दुरुस्ती कुणाची?"

दिवाळीनंतर मी आक्काला म्हणालो, कणकुंबीला चल. तिने का म्हणून विचारले नाही. काडेचिराइताचे गाठोडे बांधले आणि डबी कमरेला खोचली. बेळगावहून जांबोटीपर्यंत लॉरी मिळाली, पुढे बैलगाडी. जांबोटीला तिने पाण्याचा तांब्या पुढे केला तेव्हा मी स्वतः झऱ्यावर जाऊन प्यालो. तिने ते पाहिले.

तोलार मेव्हण्याच्या झोपडीपुढे ओंडक्यावर बसला होता. गालफडे बसली होती. त्याने आक्काला नमस्कार केला. मला केला नाही.

"आक्का, एवढ्या लांब?"

"काढा करून देते तुला," आक्का म्हणाली.

"त्यो प्यालोय मी. वरीसभर."

"ह्यो न्हवं प्यालास."

मी जे घडले ते सांगितले. डबी, तूर, जोंधळा, राळा, खसखस. सांगून झाल्यावर मी म्हणालो, "मी छापलं ते खोटं होतं."

"मग खरं छाप की."

"छापत नाहीत."

तो पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसला. "म्हंजे निपाणीत मी खोटाच."

त्याची बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "काट्यावर परत घेतील का ह्यास्नी, तेवढं सांगा."

"मी मालकाला भेटलो," मी म्हणालो. ते खरे होते. "ते म्हणाले, पेपरात आलेलं लोक विसरत नाहीत."

"होगली बिडू," तोलार म्हणाला.

आक्काने चूल पेटवली. काढा उकळला, तिने तुरीचा दाणा तळहातावर घेतला, शेजारी अफूची गोळी ठेवली. तोलार जवळ सरकला. त्याने दोन्ही नीट पाहिले.

"गोळी वाईच मोठी हाय," तो म्हणाला.

आक्काने नखाने कडा काढली. त्याने पुन्हा पाहिले आणि मान हलवली. मग कमरेची स्वतःची पुडी सोडून त्याने आक्काच्या हातात दिली. नदीत टाक, असे तो म्हणाला नाही. भांडे ओठाला लावण्याआधी त्याने विचारले, "ह्यात हाय न्हवं?"

"हाय," आक्का म्हणाली.

तो प्यायला.

मी दुसऱ्या दिवशी निघालो. आक्का तिथेच राहिली. शिमगा झाल्यावर ती एकटी निपाणीला परत आली. तोलाराची शेवटची गोळी होळीच्या आधी चार दिवस बंद झाली होती आणि तो गाड्यांवर कामाला जात होता, असे तिने सांगितले. डबी रिकामी होती. निपाणीच्या वखारीत काट्यावर दुसरा तोलार होता.

गुढीपाडव्याच्या अंकात साप्ताहिकाने माझा जुना लेख वाचकांच्या आग्रहावरून पुन्हा छापला. मला विचारले नव्हते. काढ्याची कृती पूर्वीचीच, तीन ओळींची होती. वाचनालयात आलेल्या प्रतीवर मी कृतीखाली शाईने चौथी ओळ लिहिली: अफू, पहिल्यांदा तुरीच्या दाण्याएवढी, मग उतरत्या मापाने. साप्ताहिकाची वाचनालयात एकच प्रत येत असे.