मीठ बघायला बोलावलेले मास्तर

चर्चच्या मागच्या हॉलमध्ये आता गॅसच्या चार शेगड्या आहेत, पंखे आहेत, भांडी धुवायचं यंत्रसुद्धा आलं आहे. पळीमावशीला त्यातलं काही म्हणजे काही आवडत नाही. सत्तरी उलटली, गुडघे कुरकुरतात, तरी रविवारी उपासना संपली की ती स्वयंपाकघरात एक चक्कर मारते, कुणाच्या तरी कांदा चिरण्याला नावं ठेवते आणि खुर्चीत बसून पुराचे दिवस आठवते. तसे ते वाईटच दिवस होते. पण तिला त्यांचीच ओढ, त्याला कोण काय करणार!

त्या वर्षी ती पंचेचाळिशीची होती. नदीनं खालची अख्खी वस्ती धुऊन नेली आणि माणसं चर्चशेजारच्या शाळेत येऊन राहिली. पाळकसाहेबांनी हॉल उघडला, मावशीनं कंबर कसली. लाकडांचा धूर, खिडक्यांवर साचलेली वाफ, बटाट्याचं सूप, पाव आणि रोज तीनशे माणसं. भुकेल्याला वाढलं की ते प्रभूपर्यंत पोचतं, असं तिच्या आईनं तिला शिकवलं होतं. त्यामुळे सूप पातळ झालेलं तिला खपत नसे.

हात पसरायची लाज वाटणाऱ्यांसाठी तिच्याकडे एक युक्ती होती. अशा माणसाला ती दारातूनच हाक मारी, "अहो, जरा मीठ बघता का? माझ्या जिभेला काही कळेनासं झालंय." माणूस आत येई, चव बघे, आणि चव बघणाऱ्याला मावशी उपाशी सोडते होय! भरलेली वाटी हातात पडायचीच. तिची जीभ चांगली ठणठणीत होती. या युक्तीचा तिला भारी अभिमान होता.

मास्तर मात्र तिला पुरून उरले. वस्तीतल्या दोन पिढ्यांना त्यांनी गणित शिकवलेलं. रोज दुपारी ते हॉलसमोरच्या भिंतीपाशी येऊन उभे राहत, चुरगळलेल्या सदऱ्याची गळ्यापर्यंत बटणं लावून. मावशीनं हाक मारली. मास्तर आले, चमचाभर सूप चाखलं, "चिमूटभर कमी आहे," म्हणाले आणि वाटी भरेपर्यंत चालतेही झाले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मावशी हट्टाला पेटली. तिनं मीठ घातलंच नाही, म्हणजे मास्तरांना पुन्हा पुन्हा चाखावं लागेल. मास्तरांनी चारदा चाखलं. चार चमचे पोटात गेले, बस्स. इकडे टेबलांवर आरडाओरडा सुरू झाला आणि पाळकसाहेब आत आले.

"मावशी, हे सूप आहे की बटाट्याचं पाणी?"

"तुम्ही प्रवचन सांभाळा, पातेलं मी सांभाळते."

चौथ्या दिवशी मास्तर चव बघून वळले आणि त्यांचा तोल गेला. दाराची चौकट धरून ते खालीच बसले. मावशीचं डोकं फिरलं.

"मास्तर, इतका कसला मेला तो मान? अन्नाशी वैर धरलंय का?"

मास्तरांनी वर बघितलं. "मान कसला, बाई. आमची ही वर शाळेत पडून आहे. पाय प्लास्टरमध्ये, जिना उतरता येत नाही. सकाळी चहा-बिस्किटं मिळतात, तेवढ्यावर आहे. ती उपाशी असताना माझ्या घशाखाली कसं उतरेल?"

"मग न्यायचं ना तिच्यासाठी!"

मास्तरांनी दाराकडे बोट केलं. तिथे पुठ्ठा टांगला होता, ‘जेवण बाहेर नेऊ नये.’ अक्षर मावशीचंच. पहिल्या दिवशी वीस वाट्या गायब झाल्या तेव्हा तिनं रागाच्या भरात तो लिहिला होता आणि खाली दोन रेघाही ओढल्या होत्या.

"रोज वाटायचं, आज विचारू," मास्तर म्हणाले. "पण तुम्ही बोलवायच्यात ते मीठ बघायला. तेवढं सांगितलं की पुढे धीर व्हायचा नाही."

मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार दिवस ती आपल्या हुशारीवर खूश होती आणि ‘तुमच्यासोबत आणखी कोण आहे?’ एवढं साधं विचारायचं तिला सुचलं नव्हतं. तिनं दोन वाट्या भरल्या आणि एप्रनसकट शाळेचा जिना चढली. मास्तर कठड्याला धरून मागून आले.

मास्तरीणबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मावशीनं त्यांना टेकवून बसवलं आणि सवयीनं जेवणाआधीच्या प्रार्थनेसाठी डोळे मिटले. आभाराचे शब्द काही केल्या तोंडातून फुटेनात.

"काय झालं हो?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"मला चार दिवस उशीर झाला," मावशी म्हणाली आणि तिनं चमचा त्यांच्या तोंडाशी नेला.

मास्तरीणबाईंनी तो घोट गिळला, तेव्हा कुठे मास्तरांनी आपली वाटी उचलली.