परका टाका

रेडिओचाचांकडे बिघडलेला अ‍ॅम्प्लिफायर नेला की ते आधी माणसाला वाजवायला लावत. बंद पडलेल्या यंत्रावर काय वाजवायचं, हे विचारायची सोय नव्हती. बोटं कशी चालतात ते पाहून हा गडी आवाज किती चढवत असेल याचा ते अंदाज बांधत आणि मगच स्क्रू ड्रायव्हर उचलत. माझी गिटार बघून एकदा म्हणाले, "तुझा अ‍ॅम्प बिघडला न्हाय, दमला हाय." आमची अख्खी बेंजो पार्टी हसली. मला मात्र राग आला होता.

मुरुडच्या बाजारामागे, समुद्राच्या अंगाला त्यांचं दुकान होतं. रेडिओ कधीच गेले, नाव तेवढं राहिलं. मशिदीचा कर्णा, भजनी मंडळाचा माईक, लॉजवाल्यांचे स्पीकर आणि हळदीच्या कार्यक्रमांत आम्ही पिदडलेलं सामान, सगळं त्यांच्याकडे यायचं. खाऱ्या हवेने आतले सांधे हिरवे पडत. आम्ही समुद्राला बोल लावला की चाचा म्हणत, समुद्र तुमच्या आधीपासून आहे, झाकून ठेवायला काय झालं होतं?

दुरुस्ती झाली की ते पंखा बंद करत, शटर अर्धं खाली ओढत आणि काहीही न वाजवता स्पीकरला कान लावून बसत. "गाना कोणाला पण ऐकू येतो. मला गप बसलेला अ‍ॅम्प ऐकायचा हाय." बारीकशी जरी घरघर आली तरी खोका पुन्हा उघडायचा. आम्हाला घाई असली तरी त्यांना नसे.

पुढे पुढे घरघर तशीच राहू लागली. चाचा कान लावून समाधानाने मान हलवत आणि आम्हाला ती दारातून ऐकू येत असे. सांगायचं कोणी? ज्याने आमच्या वडिलांचे रेडिओ नीट केले त्याला ऐकू येत नाही म्हणायला कोणाची जीभ रेटेना. आम्ही छान झालं म्हणायचो आणि तोच खोका एसटीने अलिबागच्या एका कारागिराकडे न्यायचो. एकदा अलिबागच्या स्टँडवर भजनी मंडळाचे बुवा भेटले. त्यांच्याही काखेत खोका होता. आम्ही दोघांनी एकमेकांचे खोके पाहिले आणि उकाड्यावर बोललो.

मग एका हळदीच्या आदल्या दिवशी आमचा अ‍ॅम्प साफ बंद पडला. अलिबागवाला गावी गेलेला, म्हणून मी मुकाट चाचांकडे गेलो. त्यांनी झाकण काढलं, भिंग धरलं आणि हात थांबवला. चाचांचा सोल्डरचा टाका मोहरीएवढा, चकचकीत असे. आत मात्र ओबडधोबड गोळा होता.

"ह्यो टाका माझा न्हाय," ते म्हणाले.

मग दुरुस्तीत काय राहिलं होतं, असं त्यांनी माझ्या तोंडाकडे बघत विचारलं. मी मोठ्याने सांगितलं, घरघर. बाकीच्यांच्याही खोक्यांत राहत होती का, हेही त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. त्यांनी पुढे कोणाचं नाव विचारलं नाही.

त्या दिवशी त्यांनी काम पुरं केलं, पण स्पीकरला कान मला लावायला सांगितला. दोनदा मी घरघर आहे म्हणालो, दोनदा त्यांनी खोका उघडला. अखेर घरघर गेली. मला फार वाईट वाटत होतं. तुमचं मन दुखेल म्हणून कोणी बोललं नाही, असं मी कसंबसं म्हणालो. चाचा झाकणाचे स्क्रू पिळत होते. म्हणाले, "बिघाड सांगितल्याबिगर दुरुस्ती कशी व्हायची? कानाची मशीन मिलते. लावली असती."

महिनाभरात दुकान आवरून ते पनवेलला मुलीकडे गेले. तिने त्यांना मशीन घेऊन दिली. हे कळल्यावर मी फोन केला आणि म्हणालो, चाचा, आता परत या, सगळं मुरुड वाट बघतंय. माझं बोलणं त्यांना स्वच्छ ऐकू येत होतं.

"घरघर आता मला ऐकू येईल," चाचा म्हणाले. "पण तुम्ही छान म्हणाल, तवा ते मी खरा कसा मानू?"