न पाहिलेला फोटो

टचिंगकाकांना पोहता येत नाही, आणि ते न येण्यासाठी गेले चार महिने ते रोज सकाळी अगदी नियमाने तलावावर येतात.

आमचा वर्ग साठीच्या पुढच्यांचा. तलाव काचेच्या छपराखालचा आहे. सात वाजता ऊन त्या काचेतून खाली उतरतं, पाण्यात बुडी मारतं आणि वर जाऊन तुळयांवर जाळीसारखं थरथरत बसतं. त्या जाळीखाली आम्ही आठ-नऊ पिकली पानं उताणी तरंगायला शिकत असतो. तरंगताना कान पाण्यात असतात, त्यामुळे सगळं जग शेजारच्या घरातून ऐकू येतंय असं वाटतं. गुडघेदुखी, सून, वीजबिल, सगळं भिंतीपलीकडे. त्या अर्ध्या तासात आमच्यातले काहीजण चक्क झोपतात. आमच्यातला निवृत्त पोस्टमन तर एकदा घोरला होता, आणि पाण्याखाली ते घोरणं देवमाशासारखं ऐकू आलं, असं शिंपीणबाई अजून सांगतात.

आम्हाला शिकवते ती काकांची सख्खी पुतणी. गळ्यात शिटी, डोक्यावर पिवळी टोपी, आणि पाठीखाली नुसती दोन बोटं धरून नव्वद किलोचा माणूस पाण्यावर ठेवायची हातोटी. सगळे तिला मॅडम म्हणतात, काका तेवढे "अगं ए" म्हणतात. बाकीच्यांची पाठ पाण्याला टेकली, काकांचा हात मात्र कठड्यावरून सुटला नाही. कारण तरंगायला डोळे मिटावे लागतात, आणि ते काकांना जमत नाही.

"डोळे मिटले की काहीतरी निसटल्यासारखं वाटतं बघ," ते म्हणायचे.

त्यात त्यांचा दोष नाही. माणसाने अख्खं आयुष्य बघण्यात घालवलंय. अठराव्या वर्षी ते एका फोटो स्टुडिओत लागले आणि त्याचं शटर कायमचं खाली येईपर्यंत तिथेच राहिले. काम टचिंगचं. निगेटिव्हवर सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीने मुरमं घालवायची, डोळ्यांखालची रात्रपाळी पुसायची, एकाच केसाच्या कुंचल्याने कागदावरचा पांढरा ठिपका भरायचा. फोटो धुवायच्या काळोख्या खोलीतल्या लाल दिव्याबद्दल काका बोलायला लागले की आवाज आपोआप खाली येतो. कोरा कागद औषधाच्या पाण्यात सोडायचा आणि ट्रे हलकेच डुलवत राहायचं. आधी केस येतात, बुबुळं येतात, मग ओठांची रेघ. कपाळ सगळ्यांत शेवटी, सावकाश, पाहुण्याने उंबऱ्यात थबकावं तसं. "माणूस कुठूनतरी लांबून आपल्याकडे येतोय असं वाटायचं," ते म्हणतात. "तो पोचेपर्यंत मी श्वास घेत नसे."

या कामात त्यांचा एक नियम होता. फोटोला हात लावण्याआधी ते विचारायचे, "काय ठेवायचं?" काय काढायचं, हे सगळेच सांगतात; ठेवायचं काय, हे कुणी विचारत नाही. एकदा एका मुलीचा लग्नासाठी दाखवायचा फोटो आला. हनुवटीवरचा व्रण घालवा, असं तिच्या मामाने बजावलं होतं. काकांनी मुलीला बोलावून विचारलं. ती म्हणाली, राहू दे, मी सायकल शिकले त्याची खूण आहे. व्रण राहिला. मामा भांडायला आला तर काका म्हणाले, "तुमच्या हनुवटीबद्दल तुम्ही सांगा, ऐकतो. ज्याचा चेहरा, त्याचा शब्द." मामाला तीन हनुवट्या होत्या. तो पैसे देऊन फोटो घेऊन गेला.

गेल्या वर्षी काकांनी पुतणीचा एक फोटो काढला. पाण्यातून नुकती वर आलेली, कानशिलाला केस चिकटलेले, कुणाच्या तरी विनोदावर हसतेय, डाव्या गालावर काचेतलं ऊन. "काय ठेवू?" काकांनी विचारलं. ती म्हणाली, "सगळं." तो फोटो तलावाच्या दारात लागला, तलावाच्या वेबसाइटवरही गेला. काका येता-जाता त्याच्यासमोर एक मिनिट थांबायचे. आपल्याच हातचा गूळ चाखावा तसे.

आणि एका मंगळवारी मॅडम आल्या नाहीत. शिटी खिळ्याला लटकत होती.

झालं होतं ते असं. आदल्या दिवशी आमच्या तलावाच्या ग्रुपवर एक चित्र आलं. चेहरा मॅडमचा, दारातल्या त्याच फोटोतला, आणि खाली अंगावर काही नाही. हल्ली म्हणे कुणाचाही साधा फोटो दिला की यंत्र त्याचे कपडे उतरवून देतं. उतरवत नाही खरं तर. त्याला काय कळणार आत काय आहे ते. ते आपल्या मनाने एक अंग रचतं आणि तुमच्या मानेखाली बसवतं. पण बघणाऱ्याला कुठे फरक पडतो? तो आधी बघतो, मग बघितल्याची लाज वाटू नये म्हणून म्हणतो, "आग असल्याशिवाय धूर निघत नाही."

ग्रुपवर ते टाकलं होतं आमच्या पोस्टमनने. खाली लिहिलं होतं, "हे खरं आहे का? फक्त विचारतोय."

काकांकडे बटणांचा फोन. त्यांना शिंपीणबाईंनी सांगितलं. ते तडक पुतणीच्या घरी गेले, खिशात स्टुडिओतलं जुनं भिंग घालून. ती जमिनीवर बसून वाळलेल्या टॉवेलांच्या घड्या घालत होती. टेबलावर एक कागद होता. राजीनामा. तलावाच्या मॅनेजरचा फोन येऊन गेला होता: थोडे दिवस रजेवर जा, वातावरण निवळू दे.

"दाखव मला," काका म्हणाले. "पाच मिनिटांत सांगतो खोटं कुठे आहे. हनुवटीखाली जोड असणार. ऊन डावीकडचं, म्हणजे खांद्याची सावली..."

"मग?"

"मग काय? मोठं करून सगळ्यांना दाखवायचं. म्हणायचं, बघा."

"म्हणजे सगळ्यांनी परत बघायचं. मोठं करून."

काकांना ते पटलं, पण कारागीर गप्प बसत नाही. "अगं, लहानपणी तुझं अपेंडिक्स काढलं, त्या टाक्यांची खूण त्यात कुठून असणार? एवढं एक दाखवलं तरी..."

पुतणीने हातातला टॉवेल खाली ठेवला. "काका, ते पोट माझं नाही हे सांगायला मी आता माझं पोट दाखवू?"

बाहेर रस्त्यावरून कुणीतरी पत्र्याचा डबा ओढत नेत होतं. तो आवाज पार लांब गेला.

"फोटो मीच काढला ना," काका शेवटी म्हणाले. "एवढा स्वच्छ काढायला नको होता. दारातनं उतरवतो."

"का? तो खरा आहे. माझा आहे. तो का उतरवायचा?" मग जरा थांबून ती म्हणाली, "ज्याचा चेहरा त्याचा शब्द, असं आयुष्यभर सांगत फिरलास. मला विचारलंस का काय पाहिजे ते?"

काकांनी विचारलं. "काय पाहिजे?"

"तू बघू नकोस. या गावात एक तरी माणूस असा पाहिजे मला, ज्याने ते बघितलेलं नाही."

काकांनी भिंग खिशात परत टाकलं. पुढे ते मला म्हणाले, पन्नास वर्षांत एवढं अवघड टचिंग कुणी सांगितलं नव्हतं. "बरं," ते तिला म्हणाले. "पण तो कागद चार दिवस देऊ नकोस. मॅनेजरला म्हणावं, पाणी गढूळ झालं तर मासा बाहेर काढत नाहीत, पाणी बदलतात."

दुसऱ्या दिवशी काका तिच्याबरोबर पोलिसांच्या सायबर कक्षात गेले. तिथल्या बाई चष्मा कपाळावर चढवून बसल्या होत्या. कपाळालाच लांबचं कमी दिसत असावं. फोटो कुठे लावला होता, का लावला होता, असलं त्यांनी एक अक्षर विचारलं नाही. म्हणाल्या, "ते खोटं आहे हे तुम्ही सिद्ध करायचं नाही. तुमच्या परवानगीशिवाय बनवलं आणि फिरवलं, हाच गुन्हा. मला एवढंच हवं: कुणाकडून आलं, कोणत्या नंबरवरून, किती वाजता, लिंक असेल तर लिंक. पुसायच्या आधी ही नोंद करा. आणि चित्र पुरावा म्हणूनसुद्धा कुणाला पाठवू नका."

मग त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. एक सोय आहे, तिच्यात पुतणीच्याच फोनवर त्या चित्राचा आकड्यांचा ठसा तयार होतो. चित्र फोनबाहेर जात नाही, नुसता ठसा जातो; तेच चित्र पुन्हा कुणी चढवायला गेलं की सोयीत सामील असलेल्या साइट्स ते ओळखून अडवतात. "सगळ्या साइट्स सामील नाहीत," बाई म्हणाल्या, "आणि कुणी चित्र बदललं तर ठसाही बदलतो. तरी करा." ते चित्र दोन साइट्सवरही चढलं होतं; तिथलं तक्रारीचं बटण कुठे असतं, ते पुतणीने स्वतः शोधलं आणि स्वतः दाबलं. काका तेवढा वेळ समोरच्या कॅलेंडरवरचं धरण बघत होते. त्या धरणाला किती दरवाजे आहेत, ते त्यांना आजही पाठ आहे.

तिथून पुतणी घरी गेली आणि काका पोस्टमनकडे गेले. मीही होतो. पोस्टमन आमच्यातला सगळ्यांत साधा माणूस. दार उघडलं तेव्हाच त्याचं तोंड उतरलेलं होतं.

"माझ्या मनात काही नव्हतं रे," तो म्हणाला.

"मनात नसणारच. हातात होतं. का पाठवलंस?"

"आलं म्हणून पाठवलं. चाळीस वर्षांची सवय. आपल्याकडे आलेलं आपलं नसतं, पुढे पोचवायचं."

"आणि चुकीच्या पत्त्यावर आलेलं काय करायचास?"

पोस्टमनने दारातल्या चपला सरळ लावल्या. "परत न्यायचो," तो म्हणाला. "ज्याने पाठवलं त्याच्याकडे."

"मग ने."

त्यानंतरचं दृश्य मी जन्मात विसरणार नाही. काकांनी पिशवीतून स्टुडिओतला काळा कागद काढला आणि कात्रीने नेमक्या मापाचा कापला. मग काका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि पोस्टमनने तो फोनच्या पडद्यावर चिकटवला, अशा बेताने की चित्र झाकलं जाईल आणि नंबर, तारीख, वेळ तेवढी उघडी राहील. "झाकलं?" "झाकलं." "नक्की?" "अरे बाबा, नक्की." तेव्हा कुठे काका वळले आणि आपल्या जुन्या कॅमेऱ्याने त्या नोंदीचा फोटो काढला. फोकस साधायला त्यांना पाच मिनिटं लागली. लग्नाचाही फोटो त्यांनी इतका मन लावून काढला नसेल.

मग पोस्टमनने आपलं पोस्टिंग उलटं केलं. आधी ग्रुपवरचं पुसलं आणि खाली लिहिलं, "मी चुकलो. ज्यांनी पुढे पाठवलं त्यांनीही पुसा." नंतर ज्याच्याकडून त्याला आलं त्याच्या घरी गेला, तिथून त्याच्या मेहुण्याकडे, तिथून एका दुकानात, दुकानातून एका गिऱ्हाइकाकडे. तीन दिवसांत चार दारं वाजवली. प्रत्येक दारात तेच: आधी नोंद, मग पुसणं, मग मॅडमच्या नावे माफीचं पत्र, आणि ते तिला द्यायला पोस्टमन स्वतः. पाचवं दार नव्हतं. तिथे नुसतं एक खोटं नाव होतं. ते नाव त्याने सायबर कक्षातल्या बाईंना दिलं. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला, म्हणजे बऱ्यापैकी मोठं काम झालं असावं.

शिंपीणबाई मॅनेजरकडे गेल्या. बदलीचा शिक्षक नको, म्हणाल्या. "आमचा अख्खा वर्ग रजेवर आहे असं समजा. वातावरण निवळलं की कळवतो." मॅनेजरने रजेचं बोलणं मागे घेतलं, तेव्हा त्यांनी ग्रुपवर दोनच ओळी लिहिल्या: "सोमवारी सातला वर्ग आहे. टोप्या विसरू नका."

सगळं मिटलं, असं मी म्हणणार नाही. चित्र दोन ठिकाणांहून गेलं, तिसरीकडे उगवलं, पुतणीने पुन्हा तक्रार केली, तिथूनही गेलं. ते खोटं नाव कुणाचं, त्याचा तपास चालू आहे. राजीनाम्याचा कागद टेबलावरच होता. रविवारी संध्याकाळी काकांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "माहीत नाही काका. पाण्यात उतरले आणि सगळे बघायला लागले तर?"

सोमवारी सातला आम्ही उथळ बाजूला उभे होतो. कमरेएवढं पाणी, वर उन्हाची जाळी. दारातल्या फोटोसमोर पावलं थांबल्याचा आवाज आला. एक मिनिट. मग खिळ्यावरून शिटी काढल्याचा.

ती काठावर येऊन उभी राहिली. आमच्यापैकी कुणाला नजर कुठे ठेवावी कळेना. आपण सहज उभे आहोत असं दाखवायला माणसाला किती कष्ट पडतात ते मी त्या दिवशी बघितलं. पोस्टमन तर हात जोडू की पाण्यात ठेवू, या विचारात अर्धवट वाकून राहिला होता.

"सात वाजून चार मिनिटं झाली," शिंपीणबाई म्हणाल्या. "माझे पाय गारठले, मॅडम."

मॅडम हसल्या. पाण्यात उतरल्या.

तेवढ्यात माझं लक्ष काकांकडे गेलं. त्यांचा हात कठड्यावर नव्हता. ते उताणे झाले होते, टोपी तिरकी, पोट बेटासारखं वर, आणि डोळे घट्ट मिटलेले. इतके घट्ट की कपाळावर, त्यांनी आयुष्यभर लोकांच्या कपाळावरून पुसल्या त्या सगळ्या रेघा एकदम आल्या होत्या. पुतणी त्यांच्याजवळ गेली आणि पाठीखाली दोन बोटं धरली. थोड्या वेळाने तिने तीही काढून घेतली. काकांना कळलं नाही.

"काय दिसतंय?" तिने विचारलं.

कान पाण्यात होते, तरी त्यांना ऐकू गेलं असावं. लाल दिव्याच्या खोलीत बोलायचे त्या आवाजात ते म्हणाले, "काही नाही. छान आहे."