पुलावरचा दादा

परवा जुन्या तसबिरीची काच पुसताना भिंगारचं घर आठवलं. वडील छावणीच्या कचेरीतून निवृत्त झाले, तेव्हा साहेबांनी लांबलचक भाषण करून त्यांना लंडनच्या पुलाचं हे चित्र दिलं. पुण्यापलीकडे कधी न गेलेल्या माणसाला याहून निरुपयोगी भेट सापडणं अवघड होतं.

एकाहत्तरच्या लढाईत दादा गेला. फक्त तार आली. त्याचा एकच फोटो घरात होता, तळहाताएवढा. मोठा करून आणायलाही आई तो हातचा सोडेना. शेवटी वडिलांनी तसबीर उघडून तिच्यासमोरच तो पुलाच्या मधोमध चिकटवला.

शेजारच्या काकू हार घेऊन आल्या.

"हार नगं," आई म्हणाली.

"वहिनी, रीत हाय ती."

"त्यो तिकडं नोकरीला हाय. पत्र टाकाया सवड न्हाई त्याला."

काकूंनी वडिलांकडे पाहिलं. खोट्याची चीड असलेले वडील खाली बघत म्हणाले, "लंडन लांब आहे. टपालाला वेळ लागतो."

मी तेव्हा कॉलेजात होतो. दोघांना खरं ऐकवावं असं फार वाटे. आता दोघंही नाहीत. तसबीर माझ्या भिंतीवर आहे आणि तिला हार मीही घातलेला नाही.