पपईच्या देठांचे नळ

आमची आळी गावाच्या वरच्या टोकाला आणि विहीर खाली नदीकाठी. डोक्यावर घागर, कमरेवर कळशी घेऊन चढ चढायचा. माझं पहिलं मूल पोटात असतानाच त्या चढावर गेलं. दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा मी कोणाला सांगितलं नाही. सांगून घागर हलकी होत नव्हती.

त्याच सुमारास गावात नळ यायचे ठरले. आमचे हे नळाचे मिस्त्री. सरकारी ओव्हरसियरचा नकाशा गावच्या कमेटीच्या मंडळींना कळेना, म्हणून त्यानं यांना छोटे नळ करून दाखवायला सांगितले. यांनी अंगणातल्या पपईच्या पानांचे पोकळ देठ तोडले, एकमेकांत बसवले, सांधे मेणानं लिंपले. भिंतीवरचं मडकं ही टाकी. चार आळ्यांची चार तोंडं, कापसाच्या बोळ्यांनी बंद केलेली. आमची आळी उंचावर, म्हणून तिचं तोंड शेवटी, विटेवर.

ओव्हरसियर एक बोळा काढी, धार दाखवी, पुन्हा लावी. विटेवरही धार आली. मंडळी खूश झाली.

मी दाराआड होते. सुनेनं परक्या पुरुषांशी बोलायची रीत नव्हती. म्हणून शेजारी उभ्या सासूला मोठ्यानं म्हटलं, "आत्याबाई, बाया काय पाळीपाळीनं पाणी भरतात? साऱ्या एकाच वक्ताले येतात. चारही बोळे काढाले सांगा त्याहीले."

आत्याबाईंनी बाहेर जाऊन तेच सांगितलं आणि वर पदरचं जोडलं, "तुमी कधी घागर उचलली काय, साहेब?"

"माय, चूप राह्य ना," हे म्हणाले.

"काऊन चूप राहू? काढ बोळे."

चारही काढले. खालची तिन्ही तोंडं भळाभळा वाहू लागली. विटेवरचं कोरडं.

यांनी टाकीपासून आमच्या आळीला वेगळा नळ नेऊन पाहायचं ठरवलं. मडक्याला दुसरं भोक पाडताना ते फुटलं. आत्याबाईंनी शिव्या देत दुसरं दिलं. एक देठ सरळ विटेवर नेला. चारही तोंडं उघडी असताना तिथं धार आली. बारीक होती, पण तुटली नाही. मंडळी म्हणाली, असंच करा.

खरा नळ आला तेव्हा मला सहावा महिना होता. सकाळी सगळ्या आळ्यांत बाया भरत होत्या. आमच्या नळातून आधी नुसती हवा फुसफुसली. मी कळशी तशीच खाली धरून ठेवली. मग पाणी आलं.

मुलगी पुऱ्या दिवसांची झाली. त्या चढावर मी पुन्हा घागर नेली नाही.